अठ्ठेचाळीस आकडे

१

ताईंच्या दुरुस्तीच्या दुकानात एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. मशिन कसंही येवो, आधी त्याच्या सगळ्या सेटिंगांचे मोबाइलवर फोटो काढायचे, मगच बोट लावायचं. "कुठून निघालो ते माहीत असलं की परत येता येतं," असं त्या म्हणत. गिऱ्हाइकं कंटाळत, घड्याळ बघत, पण ताईंना त्याची फिकीर नव्हती. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे आणि सोडवलेला प्रत्येक स्क्रू एका पत्र्याच्या झाकणात ओळीने मांडायचे. ते झाकण अजून ताईंच्या टेबलावर होतं.

दुकान पहिल्या मजल्यावर, एका खिडकीचं. खाली कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्याचं दुकान होतं. त्याचं वाफेचं मशिन दर दोन मिनिटांनी 'फस्स' करून सुस्कारा सोडायचं आणि त्याची ऊब फरशीतून वर यायची. इस्त्रीवाला माणूस लाख मोलाचा, पण जिना चढायला लागला की वर हत्ती येतोय असं वाटायचं.

त्या सकाळी जिन्यावर अगदी हलकी पावलं वाजली. साठीच्या एक काकू आत आल्या आणि त्यांनी शालीत गुंडाळलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"सुरू होतो आणि लगेच बंद होतो. मग आपला आपणच परत सुरू. कालपासून हेच चाललंय."

"कोणी काही केलं होतं का?"

"जावयांनी," काकू म्हणाल्या आणि त्या एका शब्दात सगळं आलं. "जरा हळू चालायचा हो. जावई म्हणाले, दहा मिनिटांत विमान करून देतो. कुठलासा व्हिडिओ बघितला आणि ते आतलं पान असतं ना, मशिन उठायच्या आधीचं, तिथं काहीतरी बदललं."

"विमान झालं खरं," ताई म्हणाल्या, "पण धावपट्टीवरच घिरट्या घालतंय."

काकू हसल्या नाहीत. खुर्चीच्या काठावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे यजमान बसस्थानकावर निवेदक होते. एकतीस वर्षं गावातल्या प्रत्येक माणसाने त्यांच्या आवाजावर विश्वास ठेवून गाडी पकडली होती. दीड महिन्यापूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. मात्र ऑपरेशनच्या आधी वीस दिवस ते घरातल्या अडगळीच्या खोलीत, भिंतींना चादरी लावून, दवाखान्याने दिलेली अकराशे वाक्यं या लॅपटॉपमध्ये बोलून ठेवत होते. त्या वाक्यांवरून दवाखाना एक यंत्र बनवणार होता. काका टाइप करतील आणि यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल.

"दुसरीकडे कुठं साठवलीत का ती वाक्यं?"

"पुढच्या आठवड्यात दवाखान्याचा माणूस येऊन घेऊन जाणार होता." काकूंनी शालीची घडी घातली, मोडली, परत घातली. "कालपासून पाटीवर लिहायचंसुद्धा सोडलंय त्यांनी. भिंतीकडे तोंड करून बसतात. ताई, तो आवाज मिळाला नाही तर हा माणूस माझ्या हातचा जाईल."

ताईंनी "बघते" एवढंच म्हटलं. धंद्यात त्या कधीच कोणाला शब्द देत नसत. आज द्यावासा वाटला, म्हणून त्यांनी पटकन पावती फाडली.

२

मशिन सांगितल्याप्रमाणेच वागत होतं. कंपनीचं चिन्ह उमटायचं, गोल गोल टिपके फिरायचे, पडदा काळा व्हायचा, मग पुन्हा चिन्ह. ताईंनी दोन-तीन फेऱ्या नुसत्या पाहिल्या. मग आतल्या पानात शिरून फोटो काढले. जावईबापूंनी दोन पराक्रम केले होते. डिस्कशी बोलायची पद्धत बदलली होती आणि डिस्कला लावलेल्या कुलुपाची चावी सांभाळणारी चिपही पुसून बंद केली होती. करायला गेले काय आणि झालं काय.

पहिली गोष्ट सोपी होती. ताईंनी डिस्कची सेटिंग पूर्ववत केली आणि मशिन पुन्हा सुरू केलं.

चिन्ह गेलं, पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात कोणीतरी घसा खाकरला.

हलकंच, "अंहं" असं. बोलायच्या आधी माणूस खाकरतो तसं.

ताईंनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. खालून वाफ 'फस्स' झाली. हां, वाफच ती, त्यांनी मनाशी म्हटलं. पंख्यात धूळ अडकली तरी असा आवाज येतो. स्पीकर उठताना थोडा कुरकुरतो. अशा तीन-चार कारणांची माळ त्यांच्याकडे कायम तयार असे.

या वेळी काळ्या पडद्यानंतर निळं पान आलं. मशिन आता डिस्क ओळखत होतं, पण चावीची चिप पुसली गेल्यामुळे ते विचारत होतं: कुलूप उघडण्याचे अठ्ठेचाळीस आकडे टाका. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मिनिटभर वाट बघून काही मिळालं नाही की ते पुन्हा बंद होऊन पहिल्यापासून सुरू होत होतं. म्हणजे फेरा तसाच राहिला, आगीतून फुफाट्यात.

ताईंनी काकूंना फोन लावला. "मशिन घेतलं तेव्हा एक लांबलचक नंबर दाखवला असेल. जपून ठेवा असं लिहिलं असेल. कुठं लिहून ठेवलाय का?"



"लिहून नाही ठेवला," काकू म्हणाल्या. "त्यांनी तो वाचला."

"वाचला म्हणजे?"

"मोठ्याने. दोनदा. त्यांची सवयच आहे, जे महत्त्वाचं ते दोनदा जाहीर करायचं. दोनदा सांगितलं की लोकांपर्यंत पोचतं, असं त्यांचं म्हणणं. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. मला वाटलं सराव चाललाय."

"रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हा?"

"नाही हो. नुसतंच. हवेत."

ताईंनी डोळे मिटले. एकतीस वर्षं काचेच्या खोलीत बसून आकडे हवेत सोडलेला माणूस. त्याला कागदाची गरज कधी पडलीच नव्हती. हे आकडे ऐकणारं त्या घरात कोणी नव्हतं, एवढाच फरक.

काकूंनी काकांनाच विचारून पाहिलं. काकांनी पाटी घेतली, चार आकडे लिहिले, पुसले, आणखी दोन लिहिले आणि पाटी पालथी घातली.

३

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याची साप्ताहिक सुट्टी होती. खालचं मशिन गप्प होतं. ताई लवकर येऊन बसल्या. दुकानात भिंतीवरच्या घड्याळाचा आणि रस्त्यावरच्या एखाद्या सायकलच्या घंटीचा, एवढाच आवाज.

त्यांनी लॅपटॉप सुरू केला. चिन्ह, काळा पडदा.

"अंहं."

वाफ नव्हती. ताईंनी मशिन बंद केलं, पाठ उघडली, स्पीकरच्या दोन्ही डब्या सोडवल्या आणि वडिलांच्या झाकणात ठेवल्या. आता या मशिनला तोंड म्हणून काही उरलं नव्हतं. पुन्हा सुरू केलं.

"अंहं," काळ्या पडद्यातून आलं. आणि मग, स्वच्छ, "कृपया लक्ष द्या."

गावातल्या कोणालाही तो आवाज सांगावा लागला नसता. शाळेच्या सहलीला, नोकरीच्या मुलाखतीला, वडिलांना दवाखान्यात नेताना ताईंनी तो ऐकलेला होता. किंचित नाकातला, न घाई करणारा. निळं पान आल्याबरोबर तो थांबला.

ताई उठल्या, बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पर्समधल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. पाचावर धारण बसली होती, पण हे कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. मशिन अजून डिस्क उघडू शकत नाही. डिस्क उघडल्याशिवाय रेकॉर्डिंग वाजू शकत नाही. स्पीकर झाकणात आहे. म्हणजे हा माझ्या डोक्यातला आवाज आहे. काल दिवसभर त्या माणसाचाच विचार केला, आणि मनी वसे ते स्वप्नी दिसे. झोप कमी झाली असेल. आज घरी लवकर जाऊ.

दहा मिनिटांनी त्या आत गेल्या. कारण पावती फाडलेली होती आणि काकूंची ती शाल खुर्चीवर राहिली होती.

४

दुपारी दीड वाजेपर्यंत काहीच झालं नाही. नुसतं चिन्ह, काळा पडदा, निळं पान. ताईंना हायसं वाटलं. त्यांनी डबा खाल्ला, एका प्रिंटरचा पट्टा बदलला.

पावणेदोनला काळ्या पडद्याने घसा साफ केला.

"कृपया लक्ष द्या. चार, शून्य, सात, दोन, तीन, एक."

ताईंच्या हातातून पेन सुटलं. मशिन निळ्या पानावर आलं, मिनिटभर थांबलं, बंद झालं, सुरू झालं. काळा पडदा.

"चार, शून्य, सात, दोन, तीन, एक." दुसऱ्यांदा. शिस्तीत.

पेन उचलून त्यांनी समोरच्या पावतीच्या पाठीवर आकडे लिहिले. पुढच्या फेरीत दुसरा गट आला, त्याच्या पुढच्या फेरीत तोच पुन्हा. तीन वाजेपर्यंत पावतीवर सहा गट जमले. मग आवाज आला तसाच गेला.

आता ताईंच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती आली नसती तर बरं झालं असतं. धंद्यामुळे त्यांना माहीत होतं की कुलुपाच्या आकड्यांचा प्रत्येक गट अकराने पूर्ण भागला जातो. लिहिताना चूक झाली तर कळावी म्हणून तशी सोय असते. भास असेल तर भासाला अकराचा पाढा कशाला येईल? त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. पहिला गट भागला. बाकी शून्य. दुसरा, बाकी शून्य. सहाच्या सहा गटांची बाकी शून्य आली.

कॅल्क्युलेटर बंद करून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

त्यांनी काकूंना फोन केला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून विचारलं, "काका कसे आहेत?"

"आत्ताच उठले. दुपारी थोडे लवंडले होते. काल-आज सकाळी नुसत्या डुलक्या काढल्या, आता कधी नव्हे ते नीट झोप लागली, पावणेदोन ते तीन. पण ताई, झोपेत सारखे ओठ हलवत होते. गळ्यातून तर वारासुद्धा येत नाही आता, मानेच्या भोकातून श्वास घेतात. तरी ओठ चालूच."

"बरं," ताई म्हणाल्या.

५

तिसऱ्या दिवशी खाली इस्त्री सुरू होती आणि ताईंना त्या 'फस्स'चा आधार वाटत होता. दुपारी दोनला सातवा गट आला, दोनदा. त्यांनी भागून पाहिला. बरोबर.

आता फक्त सहा आकडे. ताई पेन टेकवून बसल्या. काळा पडदा आला.

"अंहं. शेवटची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे."

पेन कागदावरच राहिलं.

"प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात," आवाज म्हणाला, जरा हळू, जरा लांबून.

पुढच्या फेरीत पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या फेरीत तेच, आणखी लांबून. सात गट देऊन झाले, आणि प्रत्येक गटाबरोबर तो माणूस थोडा थोडा इकडे येत असेल तर? घर रिकामं होत असेल तर? हा विचार वेडगळ होता, हे त्यांना समजत होतं. पण वेडगळ विचाराचं असं असतं की तो एकदा आत आला की दार लावून घेतो.

त्यांनी चार्जरची वायर उपटली. पडदा चालूच, बॅटरी होती. त्यांनी मशिन उलटं केलं, पाठ उघडली, बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि मशिन सरळ केलं. आता त्यात विजेचा थेंबही नव्हता. पडदा पाटीसारखा काळा.

"अंहं," पडदा म्हणाला.

ताई मागच्या मागे सरकल्या, त्या थेट कपाटावर आदळल्या. खिशातला फोन काढून त्यांनी काकूंचा नंबर लावला.

"काकांना उठवा."

"अहो पण..."

"आधी उठवा. मग बोला."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. काकूंची हाक, मग दुसरी, मग तिसरी जरा मोठी. टेबलावरचा पडदा म्हणत होता, "जागा घ्याव्यात." चौथी हाक. मग भांडं पडल्याचा आवाज आणि त्याच क्षणी इकडे शांतता.

"उठले," काकू धापा टाकत म्हणाल्या. "पाणी मारावं लागलं तोंडावर. असे कधी झोपत नाहीत हो ते. काय झालंय, ताई? खरं सांगा."

ताईंनी खरं सांगितलं. सगळं, खाकरण्यापासून सातव्या गटापर्यंत. सांगताना त्यांना वाटत होतं की ही बाई आता फोन आपटणार, किंवा रडणार.

"झोपेत जाहीर करायचेच ते," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, आणि ताईंना त्याचंच जास्त नवल वाटलं. "लग्न झाल्यापासून. आम्ही उद्या येतो."

६

काका जिना चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. उंच, वाळलेला माणूस, गळ्याभोवती विणलेला मफलर. ताईंकडे त्यांनी धड बघितलंही नाही. 'कशाला आणलंत' हे त्यांच्या सगळ्या अंगावर लिहिलेलं होतं. काकूंनी त्यांना ताईंच्या खांद्यामागच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या.

ताईंनी ठरवलं होतं की त्यांना जागं ठेवायचं. आठवा गट मिळो न मिळो, हा माणूस इथं, डोळ्यांसमोर, जागा असला पाहिजे. म्हणून त्या त्यांना मशिनचं आतलं दाखवू लागल्या. ही डिस्क, हा पंखा, ही बॅटरी बाहेर काढून ठेवली आहे, हे बघा. काका मान डोलावत होते. फरशीतून इस्त्रीची ऊब येत होती. जिन्याची दमछाक होती. बोलता बोलता ताईंनी वर पाहिलं, तर त्यांची हनुवटी मफलरवर टेकली होती.

"काका!"

"राहू द्या," काकू हळूच म्हणाल्या. "मी आहे."

बॅटरी टेबलावर होती आणि स्पीकर झाकणात.

"अंहं. शेवटची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे."

काकूंचा हात तोंडावर गेला. दीड महिन्यानंतर त्या तो आवाज ऐकत होत्या. ताई मात्र खुर्चीकडे बघत होत्या. झोपलेल्या माणसाचे ओठ हलत होते, शब्द न् शब्द तोच, पण आवाज ओठांपेक्षा जरासा उशिरा येत होता. लांबच्या फलाटावरचा भोंगा मागाहून ऐकू येतो तसा.

ताईंनी मान वळवली आणि त्यांची नजर काळ्या पडद्यावर पडली. पडदा आरशासारखा चकचकीत होता. त्यात खिडकी दिसत होती, कपाट दिसत होतं, स्वतः ताई दिसत होत्या. मागे काकू उभ्या होत्या, उजवा हात कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा पुढे धरलेला. हाताखाली खुर्ची रिकामी होती.

मागे वळून बघायची ताईंची छाती झाली नाही.

"प्रवाशांनी आपापल्या..."

"अहो," काकू म्हणाल्या, अगदी नेहमीच्या घरगुती आवाजात, "नीट ऐकू नाही आलं. पहिल्यापासून सांगा बघू."

आवाज थांबला. घड्याळ टिकटिकत राहिलं. खालून एकदा वाफ सुटली, दुसऱ्यांदा सुटली.

"झोपेत बडबडायला लागले की मी असंच म्हणते," काकू ताईंना कुजबुजल्या. "कामात चोख माणूस. कोणाला ऐकू आलं नाही म्हटलं की झोपेतसुद्धा पहिल्यापासून सांगतात. आणि सगळं सांगून झालं की गप्प होतात. मग मीही झोपते."

"अंहं," आवाज जवळून आला. "कृपया लक्ष द्या. चार, शून्य, सात, दोन, तीन, एक."

ताईंनी पेन धरलं. पावतीवर सात गट होतेच, तरी त्या प्रत्येक आकड्यावर बोट फिरवत गेल्या. एकही चुकला नाही. दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा. मग श्वास घेण्याएवढी जागा गेली, आणि तो घाई न करणारा आवाज म्हणाला, "सहा, एक, पाच, तीन, आठ, चार."

काकूंनी मान हलवली. "आलं ऐकू," त्या म्हणाल्या.

ताईंनी पडद्याकडे पाहिलं नाही. डोळे कागदावर ठेवूनच त्यांनी बॅटरी चाचपली, जागेवर बसवली आणि बटण दाबलं.

७

अठ्ठेचाळीस आकडे टाकायला त्यांना चार मिनिटं लागली, कारण दोनदा बोट घसरलं. शेवटचा चार टाकला. टिपके फिरले, फिरत राहिले, आणि मग पडद्यावर एक हिरवं शेत उघडलं, कोपऱ्यात 'वाक्यं' नावाचं फोल्डर. ताईंचा जीव भांड्यात पडला. तो इतक्या जोरात पडला की त्या चक्क मोठ्याने हसल्या.

त्या हसण्याने काका जागे झाले. खुर्चीतच होते, मफलर, हनुवटी सगळं जिथल्या तिथं. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पाहिला. अगदी भरीव खांदा होता.

मग कामं पटापट झाली. अकराशेच्या अकराशे वाक्यं होती. ताईंनी ती दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली, आकडे तीन कागदांवर लिहून एक काकूंच्या पर्समध्ये घातला, एक काकांच्या खिशात, तिसरा स्वतःकडे ठेवला. चिप पुन्हा चालू केली. जावयांसाठी निरोप सांगितला, तो काकूंनी सौम्य करून पोचवायचं कबूल केलं. शेवटी झाकणातल्या स्पीकरच्या डब्या जागेवर बसवल्या आणि मशिन काकांच्या मांडीवर दिलं.

ताईंनी तीन वेळा मशिन बंद करून चालू केलं. काळा पडदा नुसताच काळा होता.

काका यादी चाळू लागले. दवाखान्याने दिलेली वाक्यं मोठी विचित्र होती. सगळी अक्षरं, सगळे सूर यावेत म्हणून बनवलेली. 'पिवळी छत्री कोणाची आहे?' 'मला ढोबळ हिशेब नको.' 'खिडकीत मांजर बसलं होतं.' यंत्र तयार होईपर्यंत त्यांना एवढीच वाक्यं वाजवता येणार होती. पण ते कुठलंच वाजवेनात. इतक्या दिवसांनी पहिलं काय बोलायचं, याचा प्रश्न पडला असावा. यादी वर जायची, खाली यायची.

ताईंनी काकूंना काही विचारायला मान वळवली. काकू कपाटाशेजारच्या स्टुलावर, भिंतीला डोकं टेकवून झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, शाल अर्धी जमिनीवर. दीड महिना त्या शांत घरात या बाईला झोप कशी लागली असेल, असा ताईंना आत्ता प्रश्न पडला. लागली नसणारच. काकाही तिकडेच बघत होते. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

तेवढ्यात जिना हादरला. धाड, धाड, धाड. इस्त्रीवाल्याने खांद्याने दार ढकललं, ते भिंतीवर आपटलं.

"ताई, तुमच्याकडे दोन पिनांचा..."

काकांचं बोट यादीवर वेगाने फिरलं, एका ओळीवर थांबलं आणि दाबलं गेलं.

"दार हळू लावा," तो आवाज म्हणाला, किंचित नाकातला, स्वच्छ. "आत कोणीतरी झोपलं आहे."

इस्त्रीवाला जागच्या जागी थिजला. त्यानेही याच आवाजाच्या भरवशावर जन्मभर गाड्या पकडल्या होत्या. त्याने खुर्चीतल्या माणसाच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या काकूंकडे. पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, दार दोन्ही हातांनी धरून अलगद ओढून घेतलं, आणि पहिल्यांदाच आवाज न करता तो जिना उतरून गेला.